हात चालला की डोळा उघडतो

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत पालघर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ‘चित्रकला आणि निसर्ग’ असा मंडळाने मला दिला आहे. मी चित्रकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी कला शाखेचा पदवीधर आहे खरा. पण आपल्याकडे कला शाखेत तीन वर्षे काढली तरी हातात एकदाही ब्रश धरावा लागत नाही, हे इथल्या पदवीधरांना ठाऊक आहेच. मी बँकेत काउंटरवर बसणारा माणूस. तेव्हा चित्र चांगले कसे काढावे हे मी सांगू शकणार नाही. चित्र काढणाऱ्या माणसाला काय दिसू लागते, एवढेच मला सांगायचे आहे.

सुरुवातीला एक लहानशी परीक्षा घेतो. आपल्या मागे जो फलक लावला आहे, त्यावर पिंपळाचे पान आहे. आपल्या लग्नपत्रिकांवर, वर्षपूर्तीच्या अंकांवर, विहाराच्या दरवाजावर हेच पान असते. आता फलकाकडे न पाहता प्रत्येकाने मनातल्या मनात हे पान काढावे. त्याचा देठ किती लांब? पानाच्या मानाने शेपटी किती लांब? मधल्या शिरेतून निघालेल्या बाजूच्या शिरा काठापर्यंत जातात की अलीकडेच एकमेकींना मिळतात? नवी पालवी फुटते तेव्हा तिचा रंग कोणता असतो?

बहुतेकांची गाडी इथे अडते. आपण पान हजार वेळा पाहिले आहे, पण ते ‘पिंपळाचे पान’ या नावाने पाहिले आहे. नाव आठवले की डोळ्याचे काम संपते. कागदावर काढायला बसलो की मात्र नाव उपयोगी पडत नाही. मग झाडाखाली जावे लागते. तिथे कळते की देठ चांगलाच लांब आणि लवचिक आहे, म्हणूनच इतर झाडे स्तब्ध असतानाही पिंपळ सळसळतो. शेपटी फलकावरच्या चित्रापेक्षा बरीच लांब आहे आणि पावसाचे पाणी तिच्यावरून चटकन ओघळून जाते. शिरा काठाच्या थोड्या अलीकडे एकमेकींना जोडल्या जातात. कोवळी पालवी हिरवी नसते, तांबूस असते. एवढ्या चार गोष्टी पिंपळाविषयीच्या दहा भाषणांतून कळल्या नसत्या. त्या एका पेन्सिलीने कळतात.

असे का होते? माझ्या रोजच्या कामातला दाखला देतो. चेक आला की त्यावरची सही नमुना सहीशी ताडून पाहावी लागते. नवा कर्मचारी सही वाचतो. जुना कर्मचारी सही वाचत नाही, ती कशी काढली आहे ते पाहतो. पेन कुठे टेकले, कुठे उचलले, शेवटचा फराटा वर गेला की खाली, हे तो पाहतो. म्हणजे डोळ्याने तो ती सही पुन्हा गिरवत असतो. चित्र काढणाऱ्याचे तसेच आहे. रेघ ओढायची तर ती कुठून सुरू करायची हा प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर समोरच्या वस्तूतच असते. फांदी खोडातून किती वाकून निघते? बगळा उभा असताना त्याचा गुडघा कुठे दिसतो? हात अडला की डोळा पुन्हा वर जातो. अर्ध्या तासात तो शंभर वेळा वर जातो. एरवी एका बगळ्याकडे आपण शंभर वेळा कधी पाहणार?

कोणी म्हणेल, आता मोबाईल आहे, फोटो काढला की झाले. फोटो काढावा, त्याला माझा विरोध नाही. पण फोटो काढताना बहुतेक वेळा आपण क्षणभर पाहतो आणि पुढे चालू लागतो. उरलेले पाहणे मोबाईलवर सोपवलेले असते. पेन्सिल ते काम आपल्याकडून करून घेते.

बंधू-भगिनींनो, हे सारे आपल्या धम्माला नवीन नाही. सम्यक् स्मृती हे अष्टांगिक मार्गातील एक अंग आहे. सतिपट्ठान सुत्तात श्वासाकडे लक्ष कसे द्यावे हे सांगताना तथागतांनी दाखला कोणाचा दिला आहे? राजाचा नाही, पंडिताचा नाही. लाकूड कातणाऱ्या कुशल कारागिराचा दिला आहे. कातकाम करणारा जसा लांब फेरा घेताना लांब फेरा घेतो आहे हे जाणतो आणि आखूड फेरा घेताना तेही जाणतो, तसे साधकाने श्वासाला जाणावे, असा त्याचा आशय आहे. हाताने काम करणाऱ्याचे लक्ष कसे एकवटलेले असते हे तथागतांनी पाहिलेले होते. ज्यांना समाजाने हाताची कामे करतात म्हणून खालचे ठरवले, त्यांच्या कामात ध्यानाचा नमुना आहे असे सांगणारा हा धम्म आहे.

वर्षावासाचेच पाहा. तो का सुरू झाला हे विनयपिटकात आले आहे. पावसाळ्यात भिक्खू फिरत, त्यांच्या पायाखाली कोवळे गवत तुडवले जाई, बारीक जीव चिरडले जात, म्हणून लोकांनी तक्रार केली आणि तथागतांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. म्हणजे हे तीन महिने पायाखाली काय आहे याची दखल घेण्यातूनच निघाले आहेत. आपण वर्षावासात ग्रंथवाचन करतो ते योग्यच आहे. परंतु ज्या गवतासाठी वर्षावास सुरू झाला, त्या गवताकडेही एकदा पाहायला हरकत नसावी.

आता कलेकडे येतो. मध्य प्रदेशातल्या सतना जिल्ह्यात भरहुत येथे एक जुना स्तूप होता. १८७३ साली कनिंगहॅम यांना त्याचे अवशेष सापडले आणि त्याचे कठडे आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवीत नसत. बुद्धाच्या जागी बोधिवृक्ष, आसन, धम्मचक्र किंवा पाऊलखुणा दाखवीत. आता गौतम बुद्धाच्या आधीचे बुद्ध दाखवायचे तर काय करावे? प्रत्येकाचा बोधिवृक्ष वेगळा मानलेला आहे. विपस्सीचा पाटली, वेस्सभूचा साल, ककुसंधाचा शिरीष, कोनागमनाचा उंबर, कस्सपाचा वड आणि गौतमाचा पिंपळ. भरहुतच्या शिल्पकारांनी हे वृक्ष दगडात वेगवेगळे कोरले आणि शेजारी नावेही कोरली. पण ज्याला अक्षरे वाचता येत नव्हती अशा उपासकाने बुद्ध कशावरून ओळखायचे? पानावरून! उंबर की वड, साल की शिरीष हे ज्याला कळेल, त्याला कोणत्या बुद्धापुढे आपण उभे आहोत हे कळेल. झाडे ओळखणे हे तेव्हा वंदनेचेच अंग होते. आणि ते कोरणाऱ्याला वडाचे पान हातात घेऊन बसल्याखेरीज कोरता येणार नव्हते.

सांचीच्या दक्षिण तोरणावर एक लेख आहे. विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीवकाम केले, असे त्यात नोंदवले आहे. बोटभर हस्तिदंतावर काम करण्याची सवय असलेले ते हात होते. मोठ्या दगडावरही त्यांनी बारकावे सोडले नाहीत.

आपल्या महाराष्ट्रात अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबावर चार हरणे आहेत आणि चौघांना मिळून डोके एकच आहे. कोणत्याही धडाकडून पाहिले तरी डोके त्याचेच वाटते. हा चमत्कार म्हणून गाईड लोक दाखवतात. पण विचार करा, हरीण मान कशी वळवते हे ज्याने डोंगरात बसून निरखले नाही, त्याला ही गंमत सुचली असती काय? त्याच लेण्याच्या छतावर कमळे आहेत. आपल्यातले बरेचजण कमळ काढताना त्याचे पान पाण्यावर थाळीसारखे तरंगते असे काढतात. पाण्याला टेकून तरंगणारे पान हे मुख्यतः कुमुदाचे लक्षण. कमळाची मोठी पाने देठावर पाण्याच्या वर उभी राहतात, आणि मध्यभागी बिया असलेली चपटी चाळणीसारखी गादी असते. कमळ हे आपले इतके मोठे प्रतीक, पण तळ्याकाठी बसून ते काढल्याशिवाय हा फरक ध्यानात येत नाही.

अजिंठा लांब आहे असे कोणी म्हणेल. आपल्याच जिल्ह्यात सोपारा आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकलला, आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तिथेच मिळाला. त्या आठव्या लेखाचा विषय काय? पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत आणि त्यात शिकार व करमणूक चाले. अशोक मात्र बोधिवृक्षाकडे गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. रानाकडे पाहण्याची एक नजर शिकाऱ्याची आणि दुसरी यात्रिकाची. पुढे याच राजाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात कोणते प्राणी मारू नयेत त्यांची नावे एकेक करून दिली. पोपट, मैना, वटवाघूळ, कासव, साळिंदर अशी ती यादी आहे. ‘प्राण्यांवर दया करा’ एवढ्यावर तो थांबला नाही. दया करायची तर कोण कोण आहेत ते आधी पाहावे लागते.

आता आपल्या शेजारी येऊ. वारली चित्रकला जगभर गेली ती आपल्याच डहाणू, तलासरी, जव्हार भागातून. कारवीच्या कुडाची भिंत, तिच्यावर शेणमातीचा लेप आणि गेरू, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढेच सामान. लग्नघरात चौक लिहायचा तो सवाशिणींनी. मध्ये पालघट देवी आणि भोवती झाडे, पक्षी, जनावरे, माणसे. माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण. पण झाडांकडे पाहिले की वारली चित्रकाराची नजर कळते. माणसाचा चेहरा न काढणारा चित्रकार झाडाच्या फांदीवरची पानन् पान मोजल्यासारखी काढतो. ताडाचे झाड आणि शिंदीचे झाड यांत त्याची गल्लत होत नाही.

या कलेत गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचे नाव प्रथम घेतले जाते. १९३४ सालचा त्यांचा जन्म. लहानपणी आई गेली, मुलाचे बोलणे थांबले आणि जे सांगायचे ते तो मातीवर रेघा काढून सांगू लागला, असे त्यांच्याविषयी सांगतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस भास्कर कुलकर्णी हे कलावंत या भागात आले आणि जिव्यांच्या हातात कागद, कापड आणि पांढरा रंग आला. तोवर हे काम बायकांचे आणि लग्नाच्या चौकापुरते होते. जिव्या लग्न नसतानाही काढत राहिले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. परदेशातल्या मोठ्या संग्रहालयांत त्यांची चित्रे लागली. पण त्यांचे विषय कोणते होते? मासे धरायचे जाळे. शेतातली मळणी. मुंग्या. एकच जाळे सगळ्या कापडभर पसरलेले, त्यातला प्रत्येक डोळा हाताने ओढलेला. जाळे आपण चिंचणीला, दांडीला, नवापूरला रोज वाळत घातलेले पाहतो. त्यात पाहण्यासारखे काय आहे असे आपल्याला वाटते. ज्याने ते काढले त्याला त्यात पाहण्यासारखे सापडले, आणि मग जगालाही ते दिसले.

इथे एक स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आज वारली चित्र कापडी पिशवीवर, कपावर, हॉटेलच्या भिंतीवर, रेल्वे स्टेशनवर सगळीकडे आहे. शाळेतल्या मुलांकडूनही ते काढून घेतात. मुले फळ्यावरच्या नमुन्यावरून तारपा नाच उतरवतात. त्यातल्या किती मुलांनी तारपा पाहिलेला असतो? तो वाळलेल्या दुधी भोपळ्याचा करतात हे किती जणांना माहीत असते? चित्रावरून चित्र काढले की हाताला वळण लागते, पण डोळा मिटलेलाच राहतो. म्हणून मुलांना वारली शैली शिकवण्यापेक्षा वारली माणसाचे पाहणे शिकवा, अशी माझी शिक्षक बंधू-भगिनींना विनंती आहे.

पाहून काढल्याने ज्ञानातही भर पडते. तीनशे वर्षांपूर्वी जर्मनीत मारिया सिबिला मेरियन नावाची बाई होऊन गेली. तिचा जन्म १६४७ चा. किडे चिखलातून आणि कुजलेल्या वस्तूंतून आपोआप उपजतात असे त्या काळी बहुतेक लोक मानत. या बाईने लहानपणापासून अळ्या पाळल्या आणि अंडे, अळी, कोष, फुलपाखरू असे सगळे टप्पे, ज्या झाडावर ती अळी जगते त्या झाडासकट रंगवले. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, १६९९ साली, ती आपल्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली आणि १७०५ साली तिचे मोठे पुस्तक निघाले. स्त्रियांना विद्यापीठाची दारे बंद होती. तिच्याजवळ रंग होते आणि न थकणारा डोळा होता, त्यावर तिने विद्वानांच्या समजुती खोट्या पाडण्यास हातभार लावला.

आपल्या मुलांनाही हे करता येईल. बोईसरला कंपनीच्या कुंपणालगत, रेल्वेच्या पडीक जागेत रुई उगवते. तिच्या पानांच्या मागे काळे-पांढरे पट्टे आणि पिवळे ठिपके असलेली अळी असते. तिचे रोज एक चित्र काढावे. काही दिवसांत ती लटकते, तिचा कोष होतो, आणि त्यातून नारिंगी पंखांचे फुलपाखरू निघते. विज्ञानाच्या पुस्तकात हे चित्र असतेच. पण स्वतःच्या वहीत असले की ते पाठ करावे लागत नाही.

आता मनातली एक गोष्ट बोलतो. निसर्गाचे कौतुक हा पोट भरलेल्यांचा छंद आहे, असे आपल्यातल्या काही जाणत्या लोकांना वाटते. त्यामागे कारण आहे. आपल्या वाडवडिलांना झाडे, जनावरे, माती, पाणी माहीत नव्हते असे नाही. इतरांपेक्षा जास्तच माहीत होते. पण ते माहीत झाले मेलेली गुरे ओढताना, लाकडे फोडताना, दुसऱ्याच्या शेतात राबताना. ज्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, त्या तळ्याच्या काठी निवांत बसून पाण्यावरचे तरंग पाहण्याची मुभा आपल्या माणसाला कोण देणार होते? गावातली चांगली सावली, चांगला पाणवठा, नदीचा वरचा घाट, सगळे इतरांचे. तेव्हा आपल्या समाजाने गाव सोडून शहरात यावे हेच बाबासाहेबांनी सांगितले, आणि ते योग्यच होते.

परंतु म्हणूनच मी म्हणतो, निवांत बसून झाड पाहणे हाही आपला हक्क आहे. तो आपल्याला कोणी दिलेला नाही, आपणच घ्यायचा आहे. स्वतः बाबासाहेबांनी काय केले? एवढ्या कामाच्या रगाड्यात, उतारवयात, त्यांनी चित्रकला शिकायला घेतली, व्हायोलिनही शिकायला घेतले. त्यांनी बुद्धाचे जे चित्र काढले, त्यात बुद्धाचे डोळे उघडे आहेत. मिटलेल्या डोळ्यांचा बुद्ध सगळीकडे आहे. बाबासाहेबांना जगाकडे पाहणारा बुद्ध हवा होता. यापेक्षा मोठा आधार आपल्याला कोणता पाहिजे?

आणि आज पाहण्याची गरज सर्वांत जास्त आपल्याच भागाला आहे. तारापूरला १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. बोईसरला औद्योगिक वसाहत आली, आपल्यातल्या अनेकांच्या घरची चूल तिच्यावर पेटली, हे विसरून चालणार नाही. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातल्या अति प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत तारापूरचे नाव अगदी वर होते, हेही विसरून चालणार नाही. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. १ ऑगस्ट २०१४ रोजी आपला पालघर जिल्हा झाला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला ठरलेले आहे. यातले काय चांगले, काय वाईट, यावर मते वेगळी असतील. आज मी त्या वादात जात नाही. मी एवढेच विचारतो की, जे बदलणार आहे ते आधी कसे होते हे आपल्याला माहीत आहे काय?

खाडीवर रोज जाणाऱ्या मच्छिमाराला पाण्याचा रंग बदललेला आधी कळतो. तारापूरच्या सांडपाण्याचा प्रश्न हरित लवादापुढे नेला तो मांगेला समाजाच्या परिषदेने. ज्यांची नजर पाण्यावर होती त्यांनीच तक्रार केली. ज्याने तिवराचे झाड कधी नीट पाहिलेच नाही, त्याच्यासाठी तिवरे तोडली काय आणि राहिली काय, सारखेच. पण एखाद्या मुलीने ओहोटीच्या वेळी बसून तिवर काढले, चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली त्याची श्वासमुळे मोजली, पानाच्या पाठीला बोट लावून मीठ चाखले, शेजारी उड्या मारणारी निवटी आणि एकच डेंगा मोठा असलेला खेकडा वहीत उतरवला, तर ती खाडी तिच्या ओळखीची झाली. ओळखीच्या माणसाला कोणी त्रास दिला तर आपण गप्प बसत नाही. आणि उद्या ती खाडी तशी राहिली नाही, तरी तिथे काय होते याचा कागद त्या मुलीजवळ राहील. आम्ही बँकवाले नोंदीला फार मानतो. नोंद असली की विचारता येते.

काही आक्षेप येतील. मुलांना वेळ कुठे आहे? शिकवण्या आहेत, परीक्षा आहेत. त्यावर व्यवहाराचे उत्तर असे की, शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात. पण खरे उत्तर ते नाही. जो मुलगा अर्धा तास एका पानावर नजर ठेवू शकतो, तो गणितावरही ठेवू शकतो. दुसरा आक्षेप, आम्हाला चित्र येत नाही. इथे चांगल्या चित्राची अपेक्षाच नाही. वेडेवाकडे असले तरी पाहून काढलेले असावे. तिसरा आक्षेप खर्चाचा. एका पेन्सिलीला आणि पाठकोऱ्या कागदाला किती खर्च येतो? आमच्या बँकेतच रोज कितीतरी पाठकोरे कागद निघतात.

म्हणून मंडळापुढे मी एक सूचना ठेवतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत दर रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास चित्रांसाठी ठेवावा. मुलांबरोबर आईबाप आणि आजी-आजोबांनीही बसावे. स्पर्धा नको, बक्षीस नको, नंबर नको. नंबर आला की मुले शेजारच्याचा कागद पाहतात, झाड पाहत नाहीत. नियम दोनच असावेत. एक, समोर वस्तू असल्याशिवाय काढायचे नाही. दोन, काढून झाल्यावर नव्याने काय दिसले ते खाली एका ओळीत लिहायचे आणि तारीख घालायची.

काय काढावे याची चिंता नको. आषाढात शिंदीच्या झाडावर सुगरणीची घरटी असतात. ती विणतो नर. अर्धवट सोडलेली घरटीही तिथेच दिसतील, ती का सोडली हा प्रश्न मुलांना पडू द्यावा. श्रावणात भाताची लावणी झालेली असते आणि बांधावर बगळे येतात. भाद्रपदात तेरडा फुलतो. नंतर भाताला फुलोरा येतो. आपण रोज दोन वेळा भात खातो, पण भाताचे फूल किती जणांनी पाहिले आहे? सकाळी उन्हे वर आल्यावर थोडाच वेळ ते उघडते आणि मिटते. वर्षावास संपल्यावरही ज्यांना गोडी लागेल त्यांनी उन्हाळ्यात ताडाचे झाड काढावे. दोन शेजारच्या ताडांची चित्रे काढली तर एकाला नुसते लांब तुरे आणि दुसऱ्याला ताडगोळे दिसतील. ताडात नर आणि मादी झाडे वेगळी असतात हे ताडी काढणाऱ्याला माहीत असते. आपल्याला ते चित्राने माहीत होईल. आणि त्या ताडीवाल्यालाही एका रविवारी विहारात बोलवावे. गंजाडच्या बाजूच्या वारली भगिनींनाही बोलवावे. त्यांच्याकडून शैली उचलू नये, त्या झाडाकडे कशा पाहतात ते विचारावे.

हे कागद वर्षाच्या शेवटी एका फाइलमध्ये लावून विहारात ठेवावेत. पाच वर्षांनी त्या पाच फायली पालघर-बोईसरच्या झाडापाखरांची आपण स्वतः केलेली नोंद होईल. पुढच्या स्मरणिकेत जाहिरातींच्या पानांमध्ये यातली चार चित्रे छापता आली तर संपादक मंडळाने विचार करावा.

आदरणीय अध्यक्ष महोदय, वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर विहाराच्या आवारातल्या उंबराखाली मी पेन्सिली आणि पाठकोरे कागद घेऊन बसणार आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी यावे, पाऊस असला तर छत्री आणावी.



नमो बुद्धाय. जयभीम.